पोफळबेटाची सात वर्षं

दिवेआगरच्या कुमुद लिमये शाळेच्या कचेरीत कारकून आहेत. घरच्या सुपारीच्या वाडीतल्या पंपाशी त्यांचं रोज भांडण असतं आणि इंटरनेटवर सहाशे पोरं त्यांना ‘भावा’ म्हणतात.

त्याचं असं झालं. ‘सप्तबेट’ नावाचा एक ऑनलाइन समूह आहे. तिथे कुणी राक्षस होतं, कुणी चाच्या, कुणी राजकन्या, आणि आपापल्या पात्राच्या तोंडून लिहीत सगळे मिळून एक न संपणारा खेळ खेळतात. आपला एक महिना म्हणजे तिथलं एक वर्ष. त्या जगाचा इतिहास, दैवतं, कोण कुणाशी का बोलत नाही, हे लिहायला बखरकार नेमलेले. मुलगी मैथिली पुण्याला नोकरीला गेली, तेव्हा विरंगुळा म्हणून तिने आईला तिथे नेऊन बसवलं. आईने ‘वेताळ’ हे नाव घेतलं आणि तीन वर्षांत पोफळबेट नावाचं एक अख्खं बेट वसवलं. तिथली राणी शत्रूला आधी गूळपाणी देते आणि मग कैद करते. तिथली भुतंसुद्धा दुपारी दोन ते चार झोपतात.

गेल्या महिन्यात समूहाचा प्रमुख प्रणय याने फासे टाकले आणि पोफळबेटावर वादळ आलं. सुपारीची एकही पोफळ उभी राहिली नाही. कुमुदताईंनी ते वादळ असं लिहिलं की राक्षसांनी रडके चेहरे पाठवले. इथवर सगळं ठीक होतं. पण दिवाळीच्या महायुद्धासाठी प्रणयला बेट हिरवंगार हवं होतं. त्याने हुकूम सोडला, “वेताळ भावा, माझा जादूगार काठी फिरवतो, वाडी उभी. रविवारपर्यंत लिही.”

“पोफळीला सात वर्षं लागतात,” वेताळाने कळवलं.

“सात महिने कोण थांबणार? लिहिणार नसशील तर बेट नकाशातून उडवतो आणि तुझी बखर दुसऱ्या बखरकाराला, साहिलला, देतो.”

कुमुदताईंनी भाजीत मीठ दोनदा घातलं.

“अगं, लिहून टाक की,” त्यांचे यजमान म्हणाले. सगळा गाव त्यांना दादा म्हणतो. “खोटंच तर आहे सगळं.”

“तुम्ही तर बोलूच नका!”

दादांना २०२० आठवलं. वादळाने वाडी आडवी केल्यावर वाडीतच जन्मलेल्या या गृहस्थाने घाईघाईने उघड्या रानात सुपारीची रोपं लावली. आधी केळी लावा, तिच्या सावलीत पोफळ धरते, असं बायको घसा सुकेपर्यंत सांगत होती. वैशाखात रोपं करपून काडी झाली. मग केळी आली, मग पुन्हा पोफळ आली, आणि तिला अजून सुपारी धरायची आहे. तोच वाद दुसऱ्यांदा हरायची कुमुदताईंची तयारी नव्हती.

रविवारी दुपारी त्यांनी हुकमाप्रमाणे लिहिलं. जादूगाराने काठी फिरवली. उघड्या रेतीवर हजार रोपं डोलू लागली. पहिल्या दिवशी पानं पिवळी पडली. दुसऱ्या दिवशी टोकं जळली. तिसऱ्या दिवशी राणीने जादूगाराला गूळपाणी दिलं.

समूहात आग लागली. प्रणयने चार वाजता सगळ्यांना बोलण्याच्या खोलीत बोलावलं. आजवर वेताळ नुसतं लिहीत असे. आज त्याने माईक चालू केला.

“हं, बोल रे प्रणय.”

सहाशे जणांनी आवाज वाढवून पाहिला.

“आयला,” कुणीतरी म्हणालं, “वेताळ भावाची आई आली!”

“मीच वेताळ. कुमुद लिमये, दिवेआगर. पुढे?”

“मावशी,” प्रणयचा आवाज एकदम शाळेत गेला, “पोरांना मजा पाहिजे हो. खेळ हाय हा!”

“तू उरणचा ना? तुझ्या आजोबांचं मिठागर होतं म्हणतोस. काठी फिरवून मीठ पडायचं?”

“न्हाय... पण आजोबांना महायुद्ध नव्हतं दिवाळीला!”

पोरं हसली. कुमुदताईही हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. “बेट उडवायचं तर उडव. साहिलला बखर दे. पण त्यात मी लिहिलेली एकही पोफळ एका दिवसात वाढणार नाही. वादळ तू आणलंस, आता सात वर्षं तूही मोज.”

“मतदान घेऊया,” साहिल चाचरत म्हणाला.

“घ्या. माझी शिंपणाची वेळ झाली.” आणि वेताळ माईक बंद करून वाडीत गेला.

पंपाला चार शिव्या आणि प्रत्येक पोफळीच्या आळ्याला पाणी देऊन त्या परत आल्या, तेव्हा दादा चष्मा लावून लॅपटॉपपुढे बसले होते.

“उडवलं का?”

“नाही अजून. मतदान राहिलंच बाजूला. एक राक्षस खांद्यावर केळीचे मुनवे घेऊन बेटावर उतरलाय. चाच्यांनी गलबतं रिकामी करून शिंपणाला पाणी भरलंय. आणि अगं, त्या राक्षसाने मुनवे उलटे लावलेत, कोंब खाली नि गड्डा वर!”

“उठा.”

खाली प्रणयची ओळ होती, “मावशी, युद्ध होळीनंतर. दोन केळींत अंतर किती?”

कुमुदताईंनी पदराला हात पुसले आणि लिहिलं, “अंतर मग सांगते. आधी जळलेली हजार रोपं उपट. तुझ्या जादूगाराने लावली, तोच उपटेल. काठी न फिरवता.”