सुहासिनीला सांगा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कुणी ‘सुहासिनी’ म्हणून हाक मारली की त्या ठार बहिऱ्या होत. एरवी कान असे तिखट की खाली गल्लीत कोथिंबिरीचा भाव उतरला तर माडीवर त्यांना आधी कळायचं. पण ‘सुहासिनी’ म्हटलं की संपलं. एकदा सासूबाईंनी बाहेरून हाक दिली, "सुहासिनी, दूध उतू चाललंय." जाऊबाई स्टोव्हपाशीच उभ्या होत्या. दूध वर आलं, काठावर थबकलं, सांडलं, स्टोव्ह विझला. सासूबाई धावत आल्या. "अगं, डोळ्यांदेखत सांडू दिलंस?" जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही सुहासिनीला सांगितलंत. ती कुठे असते मला ठाऊक नाही."

त्यांचं नाव धोंडी. माहेर आपट्याचं, पाताळगंगेच्या काठचं. लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं आणि बाकीच्यांनी साखर वाटायची, ही आपल्याकडची रीत. आमच्या दिरांनी ‘सुहासिनी’ लिहिलं. अक्षर मोत्यासारखं होतं म्हणे. नव्या नवरीने वाकून पाहिलं आणि तळहाताने तांदूळ सपाट केले. सगळ्यांना वाटलं, चुकून हात लागला. दिरांनी पुन्हा लिहिलं. नवरीने पुन्हा पुसलं.

"माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत," ती सासूला म्हणाली. "आईने मला धोंडी म्हटलं, यमाने दगड समजून पुढे जावं म्हणून. तो गेला पुढे. या नव्या नावाची हमी तुम्ही देता का?"

हमी कुणी दिली नाही. पण सासूबाईही हटल्या नाहीत. साखर वाटली गेली आणि सगळ्या नातेवाइकांत ‘सुहासिनी’ रुजू झाली. फक्त जिचं ते नाव, ती कधी तिकडे फिरकली नाही.

ही कथा मी घरात यायच्या आधीची. मी पेणची, नाव चंपा. आणि या चंपाची गंमत अशी, की तिला आपल्या नावाची लाज वाटत असे. आमच्या ह्यांनी तांदळात ‘नीलिमा’ लिहिलं तेव्हा मी ताटावर अशी वाकले की तांदूळ नाकात जायचे बाकी होते. पुढे कितीतरी दिवस वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर ‘सौ. नीलिमा’ अशी सही गिरवत बसायची, शेवटच्या ‘मा’ला लांब शेपूट काढून. सही करायची वेळ कुठे येणार होती देव जाणे. त्या घरात माझ्या नावावर एक केरसुणी नव्हती.

माझ्या लग्नात साखर वाटत वाटत जाऊबाई माझ्या कानाशी आल्या. "चंपा काय वाईट होतं गं? मागितल्याबरोबर काढून दिलंस?" मला वाटलं, किती मागासलेली बाई. ती मागासलेली बाई मला जन्मभर ‘चंपे’ म्हणत राहिली, पाहुण्यांसमोर, भाजीवाल्यासमोर, महिला मंडळात मी नव्या साडीत भाषणाला उभी राहिले होते तेव्हा मागच्या रांगेतून, "चंपे, मोठ्याने बोल, ऐकू येत नाही." मी सगळ्यांना सांगायची, लाडाने म्हणतात हो.

काळ पुढे सरकला. सासूबाई गेल्या, दीर गेले, हेही गेले. जुन्या पनवेलातली माडी सोडून आम्ही नव्या पनवेलात फ्लॅटमध्ये आलो. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं, पण माझ्या नितीनला त्यांनीच वाढवलं. तो त्यांना मोठीआई म्हणे. नितीन बांधकामाची कंत्राटं घेतो, प्लास्टर आणि रंगकाम. तळोज्याला एका बंद पडलेल्या कंपनीची शेड रंगवायचं काम त्याला मिळालं होतं. त्याची मुलगी मुक्ता एक दिवस हट्टाने त्याच्याबरोबर गेली आणि येताना गेटवरचं एक कुत्रं घेऊन आली. तपकिरी रंग, एक कान पांढरा, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

घरात नावाचा बाजार भरला. मुक्ता म्हणाली ब्रूनो. नितीन म्हणाला टायगर. त्या हाडांच्या सापळ्याला टायगर. मी प्रिन्स सुचवलं. नीलिमा झालेल्या बाईला दुसरं काय सुचणार. कुत्रा चपलांच्या स्टँडमागे भिंतीकडे तोंड करून बसला होता. आम्ही हाका मारतोय, तो भिंत बघतोय.

जाऊबाई माठाची भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "त्याला नाव असेल."

"मोठी आजी, स्ट्रीट डॉग आहे तो," मुक्ता म्हणाली. "त्याला कोण नाव ठेवणार?"

"ज्याने खायला घातलं त्याने. हाक मारल्याशिवाय कुणी खायला घालतं का?"

आम्ही हसलो. मतदान होऊन ब्रूनो पक्कं झालं. मुक्ताने निळा पट्टा आणला, त्यावर इंग्रजीत ब्रूनो. पण ब्रूनो काही ब्रूनोच्या हाकेला येईना. खायचा तेही आम्ही सगळे उठून गेल्यावर. आणि एका संध्याकाळी जिन्याचं दार उघडं राहिलं तशी स्वारी सरळ रस्त्यावर. मुक्ता मागे धावतेय, "ब्रूनो, ब्रूनो," आणि तो एकदाही मान न वळवता नाकासमोर चाललाय. समोरून एसटी येत होती. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून वाचला. मुक्ता त्याला कवटाळून रस्त्यातच रडत बसली.

नितीन घाबरला की आवाज चढवतो. "हाकेला येत नाही ते जनावर इथे टिकायचं नाही. आज वाचलं, उद्या चाकाखाली जाईल. रविवारी मी त्याला जिथून आणलं तिथे सोडून येतो."

मुक्ता जेवली नाही. जाऊबाई जेवल्या, हात धुतला आणि मला म्हणाल्या, "चंपे, उद्या तळोज्याला जायचंय. त्याचं नाव आणायला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा नाक्यावर उभे. रिक्षावाला म्हणाला, "आजी, कुत्रा नाही घेत."

"मग मला घे. तो माझ्या मांडीवर बसेल."

"सीट खराब केली तर?"

"तर तुझी आजी पुसेल. चल."

मी चांगली साडी नेसले होते, गॉगल लावला होता. नाव विचारायला जाताना सुद्धा माझा थाट कमी नाही. तळोजा जवळ आलं तसा नाकाला झोंबणारा वास सुरू झाला. मी पदर नाकाला लावला. कुत्र्याने मात्र मान बाहेर काढून असा श्वास घेतला, जसा मी पेणला एसटीतून उतरल्यावर घेत असे.

कंपनीचं गेट कुलपात होतं. समोर ताडपत्रीखाली चहाची टपरी, आणि टपरीवर नऊवारीतली एक बाई. तिने कुत्रा पाहिला आणि हातातली गाळणी तशीच राहिली.

"आरं, तू कुटं गेलतास रं? आमी बगतो बगतो, गावत नाय."

"बाई, याला नाव आहे का काही?" जाऊबाईंनी विचारलं.

"हाय ना. ठेकेदार."

त्या शब्दाबरोबर पांढरा कान ताठ झाला, आणि एवढ्या दिवसांत आम्ही जी पाहिलीच नव्हती ती शेपटी धुळीत सपासप फिरायला लागली.

"काय म्हणालात?" मी गॉगल काढला.

"ठेकेदार. कामगारांनी ठेवलंय. काम काय करत नाय, गेटवर उबा ऱ्हातो, आन् सगल्यांच्या आदी जेवतो. कंपनी बंद झाली, कामगार गेलं. ह्यो एकटाच ड्युटीवर."

ठेकेदार तिच्या बाकड्याखाली जाऊन पसरला. जागा ओळखीची होती, अंगाच्या मापाचा खड्डासुद्धा होता. आम्ही चहा घेतला. मग मी पट्टा ओढायला लागले, कारण माझ्या डोळ्यांपुढे मुक्ताचं तोंड होतं. कुत्रं इथेच राहिलं तर पोरीला काय सांगू?

"सोड तो पट्टा," जाऊबाई म्हणाल्या.

"अहो, आणि नाही आला म्हणजे?"

"नाही आला तर नाही. ओढून नेलेल्याला जन्मभर ओढतच राहावं लागतं."

त्यांनी स्वतः वाकून तो निळा पट्टा काढला, मला दिला आणि रिक्षात जाऊन बसल्या. मीही बसले. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चालू कर." इंजिन फडफडलं. कुत्र्याने बाकड्याखालून आमच्याकडे पाहिलं, चहावालीकडे पाहिलं. जाऊबाईंनी पाटावर बसायला बोलवावं तशा साध्या आवाजात हाक मारली, "ठेकेदार, चल. जेवायला जाऊ."

तो उठला. चहावालीचा हात एकदा हुंगला, अंग झाडलं, आणि रिक्षात चढून आमच्या दोघींच्या मध्ये बसला.

"आजी," रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "मधली सीट घेतली, भाड्याचं नाव नाही. ठेकेदारच आहे हा."

खरी लढाई घरी होती. मुक्ता हसून हसून सोफ्यावर लोळली, तिने ब्रूनोचा पट्टा त्याच दिवशी कपाटात टाकला. नितीन मात्र लाल झाला. "मोठीआई, दुसरं काहीही चालेल. घरी कामाच्या पार्ट्या येतात. तू ‘ठेकेदार, चप्पल चावू नकोस’ म्हणशील, मी तोंड कुठे लपवू?"

"तुझं नाव नितीन. मी तुला नितीन म्हणते. ठेकेदार हा तुझा धंदा आहे, कुत्र्याचं ते नाव आहे."

"ठेकू म्हणूया मग. शॉर्टमध्ये."

"का? अर्धा कुत्रा आणलाय का?"

"नाव बदलल्याने काय बिघडतं? आईचं बदललंच की."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाजी चिरत होते, मान वर केली नाही. "तिला विचार," त्या म्हणाल्या, "चंपा म्हटलं तर ती अजून वळते की नाही."

वळत होते. कोणत्याही हाकेपेक्षा लवकर वळत होते. पण हे मी नितीनला सांगितलं नाही. कांदा चिरतेय म्हटलं.

नितीनने चार दिवस तोंड फुगवलं. पण रविवार आला तसा गेला, आणि त्याने कुत्र्याला परत सोडण्याची गोष्ट काढली नाही, कारण जिन्यातून हाक दिली की ठेकेदार तीन मजले तीरासारखा वर येत होता. पुढे एकदा एक मोठे बिल्डर घरी चहाला आले. आतून जाऊबाईंचा आवाज आला, "ठेकेदार, आधी उठ तिथून. ती जागा पाहुण्यांची आहे." आणि सोफ्यावरून नितीन उठला. कुत्रा गॅलरीत होता. बिल्डर एवढे हसले की बशीतला चहा पँटवर सांडला. काम नितीनलाच मिळालं. जाऊबाई म्हणाल्या, "बघ, नाव लाभलं." त्या दिवसापासून नितीननेही हाक मारायला सुरुवात केली, आधी दबक्या आवाजात, मग खाली मैदानात सगळ्यांदेखत.

गेल्या वर्षी जाऊबाई गेल्या. थोडंसं आजारपण, कुणाला फार त्रास नाही; यमाला एवढ्या वर्षांनी कळलं असावं की हा दगड नव्हे. आमच्या इमारतीत खाली एक फळा आहे, त्यावर पाणी कधी येणार तेही लिहितात आणि कोण गेलं तेही. आमचे एक चुलत दीर, वयाने मोठे, पहाटेच येऊन पोचले होते. त्यांनी चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘कै. सुहासिनी’.

नितीन सामान घेऊन आला. फळ्यापुढे थांबला. हातातली पिशवी खाली ठेवली आणि तळहाताने ते नाव पुसून टाकलं. मी जिन्यात उभी होते, पाहत होते. त्याला तांदळाची गोष्ट आम्ही सांगितली होती खरी, पण तो काही आठवून करत नव्हता. हात तसाच गेला त्याचा. मग त्याने खडू घेतला आणि लिहिलं, ‘धोंडी’.

"अरे, बरं दिसत नाही," चुलत दीर म्हणाले. "चारचौघं वाचणार. धोंडी काय?"

"काका, सुहासिनी म्हटल्यावर मोठीआई कधी आली नाही," नितीन म्हणाला. "मग त्या नावाने जाईल तरी कशी?"

चुलत दीर फळ्यापुढून बाजूला झाले. नितीन मागे वळून मोठ्याने हाक मारायला गेला, "ठेकेदार, वर जा," आणि त्याचा आवाज मधेच फुटला.

त्यानंतर मला ‘चंपे’ म्हणणारं कुणी उरलं नाही. दोनचार महिने मी वाट पाहिली. कशाची कोण जाणे. मग एके दिवशी जेवताना जाहीर केलं की आजपासून माझं नाव चंपा. नितीन म्हणाला, "आई, आता या वयात? बँक, आधार, सगळीकडे नीलिमा आहे." म्हटलं, तिथे राहू दे तिला, सुखाने राहील, सही छान करते. पण खालच्या फळ्यावर माझी पाळी येईल तेव्हा नीलिमा लिहिलंत तर मी जागची हलणार नाही. तिरडी तुमची तुम्ही उचला आणि काय ते बघा. मुक्ता तेव्हापासून चंपाआजी म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ओ द्यायला मला जरा वेळ लागला.

परवा दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या बाई त्यांच्या खिडकीतून ओरडल्या, "नीलिमाताई, दूध उतू चाललंय हो तुमचं." मी गॅसपाशीच उभी होते. दूध वर आलं. काठावर थबकलं. हात पुढे गेला होता माझा, तो मी मागे घेतला. सांडू दिलं. ओट्यावरून ओघळून फरशीवर आलं, आणि ठेकेदार सगळ्यांच्या आधी तिथे हजर.