चौथ्या महिन्यात जाऊ नये

बीडच्या कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल आहे. सव्वीस वर्षं तिथे बसून मी लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहितो. लोक मला साहेब म्हणतात आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडतं. माझ्या भाचीचं, रोहिणीचं, जे झालं ते माझ्या या साहेबपणामुळेच झालं.

रोहिणी माझ्या थोरल्या बहिणीची, चंद्रभागाची मुलगी. बहीण शिरूर कासारची. दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला निघायचे, म्हणून पोर शाळेसाठी माझ्याकडे राहिली. हट्टी होती. शिकून नर्स झाली. लग्न झालं पालीच्या परमेश्वरशी. तो जर्मनीत एका कारखान्यात मशीन चालवायचा.

जाण्याआधी तिला एक प्रतिज्ञापत्र हवं होतं. माझ्या कॉम्प्युटरात बायकांचा मसुदा तयारच असतो, नाव-गाव बदललं की झालं. रोहिणीने प्रिंट वाचली आणि कागद माझ्यासमोर परत सरकवला.

"मामा, व्यवसाय घरकाम कावून लिवलं? मी परिचारिका हाय."

"अगं, बायकांच्या मसुद्यात तसंच असतं."

"तुमच्या मसुद्यात असंल. माझ्यात नको."

मी कुरकुरत दुसरा कागद काढला. मनातून मात्र बरं वाटलं होतं.

तिकडे ती गेली ती नवऱ्याच्या परवान्यावर. त्याचा तिथे राहण्याचा परवाना, त्याला जोडून हिचा. पण त्यावर कामाची मुभा होती, आणि रोहिणीला तेवढंच पुरे होतं. पहिलं वर्ष भाषा शिकण्यात गेलं. मग एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागली. छातीवर नावाची पट्टी लावलेला फोटो तिने मला पाठवला होता. मी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून वीट आणला. फोनवर ती म्हणायची, "मामा, इथं तीन वर्षं पुरी झाली की लई फरक पडतो. मग उद्या काही झालं तरी मला माझ्या जीवावर राहता येतं. नुसती कुणाची बायको म्हणून न्हाई."

अडीच वर्षं झाली तेव्हा तिला दिवस जाऊन सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, यावर आमच्यात चर्चा होत नसते. आणि चंद्रभागाचं तर त्यात काळीज अडकलेलं. रोहिणी स्वतः साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत जन्मली. बाराव्या दिवशी चंद्रभागा मोळ्या वाहत होती. "माझ्या लेकीला मी सव्वा महिना खाली पाय टेकू देणार न्हाई," असं ती सगळ्या गावाला सांगत सुटली. त्या वर्षी तिने तोडीला जाणंही सोडलं.

ऑक्टोबरच्या सात तारखेला रोहिणी आली. डिसेंबरच्या वीसला मुलगी झाली. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, बारसं, सगळं थाटात झालं. जूनपासून वृद्धाश्रमवाले तिला नर्स म्हणूनच घेणार होते; परमेश्वर रजा टाकून पोरीला सांभाळणार होता. मार्चच्या शेवटी बाळाचा व्हिसा हातात आला, तशी रोहिणी म्हणाली, "आई, आता तिकीट काढते."

चंद्रभागाने कपाळाला हात लावला. "चौथा महिना लागलाय पोरीला. जायचं तर तिसऱ्यात न्हाईतर पाचव्यात. चौथ्यात लेकरू उंबऱ्याबाहेर काढत न्हाईत."

रोहिणीने मला फोन केला. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "मामा, सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर परवाना जातो असं तिथं एकीनं सांगितलं होतं. सात एप्रिलला सहा महिने होतात. आईला तुमी समजावा."

मी म्हणालो, "परवान्याच्या कार्डाचा फोटो पाठव." पाठवला. त्यावर पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरची तारीख छापलेली होती. माझ्यातला साहेब खूश झाला. "सरकारने छापून दिलेल्या तारखेपुढे ऐकीव गोष्टी चालतात का? सव्वीस वर्षं कागदच बघतोय मी. आईचं मन मोडू नको, पाचव्यात जा."

ती म्हणाली, "तुमी म्हणता तर ठीक हाय." लहानपणापासून घरातला प्रत्येक कागद मीच वाचलेला. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक.

चोवीस एप्रिलला ती विमानात बसली. तिकडे उतरल्यावर अधिकाऱ्याने पासपोर्टावरचे शिक्के पाहिले, दिवस मोजले आणि तिला बाजूला बसवलं. सहा महिने उलटले त्या दिवशीच परवाना संपला होता. कार्डावरची तारीख काही कामाची नव्हती. बाळाचा व्हिसा मात्र चालू होता. म्हणजे चार महिन्यांच्या पोरीला आत जायची परवानगी होती, आईला नव्हती. परमेश्वर बाहेर फुलं घेऊन उभा होता. त्याला लेक दिसलीसुद्धा नाही. दोघींना परतीच्या विमानात बसवलं.

नंतर परमेश्वरने तिथल्या कचेरीत चौकशी केली. तिथली बाई त्याला म्हणाली, सहा महिने व्हायच्या आत बाळंतपणाचं कारण देऊन मुदतवाढीचा अर्ज केला असता तर बहुतेक वाढवून दिली असती. एक पानाचा अर्ज! मी आयुष्यभर दुसरं काय केलं? शेतसारा, वीजबिल, वारसनोंद, कशाकशासाठी मुदतवाढीचे अर्ज लिहिले, आणि घरच्या पोरीसाठी एक लिहायचं मला सुचलं नाही. चंद्रभागाला मी काही बोललो नाही. तिने माया केली होती. मी मिजास केली होती.

आता व्हिसासाठी नवा अर्ज दिलाय. बोलावणं कधी येईल ते कुणी सांगत नाही. वृद्धाश्रमाने जूनपर्यंत वाट पाहिली, मग दुसरी नर्स घेतली. त्या तीन वर्षांचं काय, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

परवा रोहिणी पोरीला कडेवर घेऊन टेबलाशी आली. रेशन कार्डात बाळाचं नाव घालायचं होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं. ती एका शब्दानेही मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी मसुदा उघडला, नाव-गाव बदललं आणि व्यवसायाच्या रकान्यावर आलो. तिथलं घरकाम पुसून 'परिचारिका' लिहायला घेतलं.

"राहू द्या मामा," ती म्हणाली. "खोटं प्रतिज्ञापत्र करू नये, असं तुमीच सगळ्यांना सांगता की."

पोर काचेखालच्या फोटोवर हात आपटत होती. मी पुसलेलं परत लिहिलं आणि प्रिंट काढली. रोहिणीने ती न वाचताच सही केली.