जाळीची झोळी

कुणाच्याही घरी चहा घेण्याआधी हिराआक्का कप उजेडात धरून आतून बघायच्या. घरची बाई समोर उभी असली तरी. "धुतल्याला दिसतोय, पन बघितल्यालं बरं," असं म्हणून मगच घोट घ्यायच्या. बदली होऊन मी नसरापूरच्या शाळेत आले आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली, तेव्हा माझाही कप असाच तपासला गेला. मला चांगलाच राग आला होता.

आक्का ब्लाउज शिवायच्या, साड्यांना फॉल लावायच्या. भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरांची सुई, एसटीची पाटी, कशावर म्हणून भरवसा नाही. बसवर 'भोर' लिहिलेलं असलं तरी कंडक्टरला विचारायच्या, ड्रायव्हरला विचारायच्या आणि दोघांचं उत्तर जुळलं तरच चढायच्या. दोघंही हसायचे, आक्का मात्र कधी हसायच्या नाहीत.

एका थंडीत मी आईच्या हातचा स्वेटर धुऊन दोरीवर टाकला. आई जाऊन वर्ष झालं होतं, तिनं विणलेलं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. पाण्याच्या वजनानं विरळ वीण ओघळली आणि बाह्या वीतभर लांबल्या. मी रडकुंडीला आले.

आक्का कुंपणापलीकडून बघत होत्या. "वाळत घातलाय का फासावर दिलाय? लोकरीला असं उभं टांगत्यात व्हय? आना हिकडं."

त्यांनी जुन्या मच्छरदाणीचा, स्वेटर आडवा मावेल एवढा तुकडा कापला. नुसती जाळी ताणली की शिवणीपाशी फाटते, म्हणून कडांना परकराच्या कापडाची दुहेरी पट्टी मारली. दोन बाजूंच्या पट्ट्यांत बांबूच्या काड्या सरकवल्या, चारी कोपऱ्यांना नाड्या लावून ती झोळी आपल्या घरातल्या खुंट्यांना आडवी बांधली. स्वेटर पुन्हा भिजवून टॉवेलात गुंडाळून दाबला, पिळला नाही. मग झोळीत पसरून बाह्या बोटांनी हळूहळू मागं सारत आखूड केल्या.

"खालनं बी वारं लागलं पायजे. तीन दिस हितंच ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं मांजर येतं. आन तुमचा बी भरवसा न्हाई मला, ओलाच घालून बघाल."

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आक्कांच्या दाराला कुलूप. खिडकीतून डोकावले. झोळी बांधलेल्या खुंट्या रिकाम्या होत्या. फोन लागेना. मनात नको ते येऊ लागलं. लोकर बोटांत चोळून "लई भारी हाय" म्हणाल्या होत्या, तेही आठवलं. जगावर संशय घेणारी बाई स्वतः कशी असेल कोण जाणे. समोरच्या कमलताईंना मी बोलून गेले, "विश्वासानं दिला, तर आक्का घेऊनच गेल्या."

दिवेलागणीला आक्का एसटीतून आल्या. दोन्ही हातांवर झोळी आडवी धरलेली आणि तिच्यात स्वेटर. बहिणीला भोरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, सकाळी निरोप आला तशा त्या निघाल्या होत्या. घराचं मागचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून परक्याची वस्तू मागं सोडवेना. एसटीत झोळी मांडीवर, दवाखान्यात व्हरांड्याच्या गजांना बांधलेली. दिवसभर बहिणीपाशी घडीभर बसायचं आणि उठून स्वेटर बघून यायचं, असं चाललं होतं.

स्वेटर त्यांनी माझ्या हातात दिला. पूर्ण वाळला होता, बाह्या बरोबर मनगटाशी येत होत्या.

"आक्का, मी..."

"कमल भेटली वाटंत. समदं सांगितलं तिनं." आवाज चढलेला नव्हता. "बाई, संशय म्या बी घेते. पन ज्याचा घेते त्याच्या तोंडावर घेते. तुमी मी यीस्तवर थांबायचं हुतं. मला इचारायचं हुतं."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. झोळीही मलाच दिली, नाड्या कशा बांधायच्या तेही दाखवलं. बोलणं तुटलं नाही. पण त्यानंतर गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे त्यांच्या मशीनपाशी पडलेले असायचे आणि माझा ब्लाउज मात्र त्या मला समोर बसवून शिवायच्या. शेवटचा टाका घातला की लगेच हातात. "घिऊन जावा बाई, हितं ठिवू नगा."

गेल्या वर्षी आक्का गेल्या. तोवर माझा एकही कपडा त्यांनी घरात ठेवून घेतला नाही.