खाजऱ्या अळूचा वाफा

बाबांचा ऑफिसातला जुना शर्ट घालून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, उपड्या बादलीवर बसलेली आई... आणि तिच्यासमोर, गुडघ्याएवढ्या लाकडी चौकटीत, बेफाम माजलेलं गवत. सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटजवळच्या बागेत सोडतीत तिला तीन वर्षांसाठी वाफा मिळाला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मुळं उपसताना मातीतून उठणारा तो ओलसर, उबट, किंचित आंबूस गंध आजही माझ्या नाकात आहे.

बाबांचा नोकरीचा पास, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपायला आठ महिने उरले होते. "पुढचा मिळेल न मिळेल, आणि तू शेती कसली मांडतेस?" ते वैतागले.

"मग आठ महिने काय हात बांधून बसू?" आई मान वर न करता म्हणाली, आणि तिनं माझ्या हातात खुरपं दिलं. तिचा तो हट्ट मला तेव्हा फार आवडला; अजूनही आवडतो.

चार शनिवार नुसत्या साफसफाईत गेले. पाचव्या शनिवारी तिनं बाजारातून आणलेले अळूचे गड्डे लावले. दोन महिन्यांत पानं सुपाएवढी झाली — आणि एका रविवारी घरभर बेसन, चिंचगूळ, तळलेल्या तिळांचा खमंग दरवळ! पहिल्याच घासाला तिघांचेही घसे खवखवले. एवढी चिंच घालूनही अळू खाजरं निघालं होतं.

"टाक आता उपटून," बाबा ठसकत म्हणाले.

"मुळीच नाही."

शेजारच्या वाफ्यातल्या चिनी आंटी ही हकिगत ऐकून पोट धरून हसल्या. "लीफ कॅनॉट लाह! धिस वन ईट द बॉटम. मस्ट वेट!" हे अळू पानांचं नव्हतंच, गड्ड्यांचं होतं. गड्डे भरायला अजून सात महिने हवे होते. आमच्याकडे पाच होते. आई तरीही दर शनिवारी जात राहिली.

पास वाढला नाही. वाफा सोडायचा तर फॉर्म भरून तो रिकामा करून द्यावा लागे. आईनं तो फॉर्म भरलाच नाही. विमानाच्या दिवशी सकाळीसुद्धा ती तिथे तण उपटत होती, भरल्या डोळ्यांनी आणि भयंकर रागानं.

"टुडे गो होम, स्टिल वीडिंग फॉर व्हॉट?" आंटींनी विचारलं.

"थ्री इयर्स, आंटी. स्टिल माइन," आई म्हणाली, आणि झारी त्यांच्या हातात दिली.

दोन महिन्यांनी, पुण्यात, आंटींनी पाठवलेला फोटो आला — वर्तमानपत्रावर ठेवलेला, मातीनं माखलेला, नारळाएवढा गड्डा. आईनं तो बाबांच्या नाकासमोर धरला.

तो आता आमच्या बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावलेला आहे. सिंगापूरचा तेवढा एकच फोटो भिंतीवर आहे, आणि त्यात आमच्यापैकी कुणीही नाही.