प्रवाळाच्या टाकीत गंगाजल

मंडळी, आज मी आईशी फार वाईट वागले.

समुद्रकिनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रातून आमच्या बनारसच्या प्रयोगशाळेत जिवंत प्रवाळ आले होते. खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत मी ते चार महिने जगवले. आज सकाळी आई रामघाटावरच्या आमच्या घरून ते बघायला आली आणि माझं लक्ष नसताना तिने टाकीत कळशीभर गंगाजल ओतलं. "परदेसी आहेत बिचारे, गंगा तरी मिळू दे," म्हणाली.

गोड्या पाण्याने दुपारपर्यंत सगळे मेले. आई तिथेच बसली होती. विद्यार्थ्यांसमोर मी म्हटलं, "तुझ्या गंगाजलाने मारलं यांना."

ती हळूच म्हणाली, "तुझ्या बाबांच्या तोंडातही शेवटी मीच घातलं होतं गं."

"तसं नाही," एवढंच म्हणायचं होतं. मी टाकी धुवायला घेतली.

अजून घरी गेलेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ, सांगा.