वन्संचे कान

आमच्या वन्सं कानांवर पोट भरतात. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आमच्याच घरात रस्त्याकडच्या खोलीत राहतात. दवाखान्यातले डॉक्टर तपासणी झाली की काय आढळलं ते बोलून ठेवतात. ते बोलणं वन्संच्या कॉम्प्युटरवर येतं आणि या हेडफोन लावून ऐकत ऐकत टाइप करतात. डॉक्टर तोंडातल्या तोंडात कितीही पुटपुटू दे, वन्संचा शब्द चुकायचा नाही. कामाचा नियम मात्र कडक. पेशंटची गोष्ट दुसऱ्या कानावर जाता कामा नये. म्हणून दार लावून बसायचं, हेडफोन कधी उपसायचा नाही आणि संध्याकाळी काम पाठवलं की सगळ्या फायली पुसून टाकायच्या.

तर या बाईचं काहीतरी बिनसलं. जेवताना गप्प, हाक मारली की दचकायच्या. एकदा चहा द्यायला गेले तर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून आधी डाव्या कानाला लावलं, मग उजव्या. मला बघताच पटकन टेबलावर ठेवलं. आमच्या सासूबाईंना उतारवयात ऐकू येईनासं झालं होतं. सगळे हसले की त्याही हसायच्या, कशाला ते त्यांना ठाऊक नसायचं. वन्संनी ते सगळं जवळून पाहिलेलं.

विचारलं तर "काही नाही गं." मी पण हट्टी! चार दिवस मागे लागले, तेव्हा एका सकाळी म्हणाल्या, "आज दुपारी दवाखान्यात कळवणार आहे. यापुढे काम जमणार नाही म्हणून."

"का? काय झालं काय?"

"अगं, शब्द तुटतात. अर्धा ऐकू येतो, अर्धा गिळला जातो. मध्येच खरखर. एखाद्याच्या औषधाचा आकडा चुकला तर? आईचं अगदी असंच सुरू झालं होतं."

"आणि माझं बोलणं? ते तुटतं का?"

"तू ओरडतेस. तुझं कसं तुटेल?"

वेळ काय आणि ही बाई बोलते काय! मी म्हटलं, द्या तो हेडफोन इकडे, मी ऐकते. तर त्यांनी तो छातीशीच धरला. "वेडी झालीस? पेशंटचं आहे ते." म्हणजे इतके दिवस त्या जे ऐकत होत्या, ते जगात दुसऱ्या कुणी ऐकलंच नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला.

"मग माझा आवाज भरा. मी काही पेशंट नाही."

त्यांनी नाइलाजाने माइक पुढे केला. माझ्या अंगाची नुसती लाही झाली होती, जे मनात होतं तेच बोलले. मग हेडफोनची वायर मी स्वतः उपसली आणि स्पीकरवर लावायला सांगितलं. स्क्रीनवरचा बाणसुद्धा जागचा हलेना. बऱ्याच वेळानं आवाज आला, "वन्सं, एक... ट्याच का घा... खर्र... मी मेले हो... का?"

वन्संनी माझं मनगट गच्च धरलं. "तुला पण तुटकंच ऐकू आलं?"

"तुटकं? अहो, चिंध्या झाल्या माझ्या आवाजाच्या!"

त्या तोंडाला पदर लावून रडल्या. पण धाकधूक संपली नव्हती. कॉम्प्युटर का अडखळतोय ते कळेपर्यंत त्यांचा जीव टांगणीलाच. मी दिरांना फोन लावला. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती लिनक्स प्रणाली त्यांनीच घालून दिली होती.

"वहिनी, उघडलेलं सगळं बंद करा," भाऊजी म्हणाले. केलं. आवाजाची यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करायला लावली, स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडायला लावून, तिच्यात टाइप करायचं एकेक अक्षर सांगून. केलं. पुन्हा खर्र. वन्सं माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुझेही कान गेले असतील गं." भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

मग भाऊजींनी कुठला प्रोग्रॅम जास्त ताकद खातोय ते बघायला लावलं. कुणीच खात नव्हतं. "मग इतका मंद का? जरा तापमान बघा." मी आकडा वाचला आणि ते ओरडलेच, "भट्टी झालीय त्याची! इतका तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, मग आवाज वेळेवर पोचत नाही. पंख्याला हवा मिळतेय ना?"

मी टेबलाखाली वाकले. कॉम्प्युटरच्या डब्याला चहूबाजूंनी गोधडीचं जाडजूड आवरण, वर नीट बटणं लावलेली.

"वन्सं, हे काय?"

"पंखा घरघर करायला लागला होता. मला वाटलं, त्या घरघरीत शब्द निसटतायत. म्हणून शिवलं. तरी तुटायचेच, मग आणखी एक थर घातला."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! फोनवर भाऊजी हसत सुटले. वन्सं हसल्या नाहीत.

गोधडी काढली, कॉम्प्युटर बंद करून डबा निवू दिला. मग बाजूचा पत्रा काढला तर पंख्यावर धुळीचा जाड थर, नुसता नमदा. घरघर त्याचीच होती आणि आधीची थोडीफार अडखळही. रंगाच्या जुन्या ब्रशनं मी तो साफ केला. वन्सं दोन्ही हात गच्च आवळून बाजूला उभ्या. पंखा फिरला तेव्हा त्याचा आवाज जेमतेम येत होता.

"लावा आता," मी म्हटलं. त्यांचा हात माउसवर नुसताच राहिला, शेवटी मीच दाबलं. माझा आवाज अख्ख्या खोलीभर झाला, "वन्सं, एकट्याच का घाबरत बसलात? मला हाक मारायला काय झालं होतं? मी मेले होते का?"

ऐकून मलाच लाज वाटली. वन्संनी ते पुन्हा एकदा लावून ऐकलं. दवाखान्यात काही कळवलं नाही, दुपारी काम सुरू केलं.

संध्याकाळी त्या अजूनही सगळ्या फायली पुसतात. ही एक तेवढी ठेवलीय. माझं हे भांडण कशाला जपून ठेवलंय विचारलं, तर म्हणतात, "असू दे गं. कॉम्प्युटर नीट चालतोय का, ते बघायला लागतं." आणि रोज सकाळी, काम सुरू करण्याआधी, दार उघडं टाकून ती लावतात.