खिळ्यावर नसलेलं घड्याळ

नमस्कार. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. बायको वाचते आणि घाबरते, मी वाचतो आणि चुका काढतो – काळोखात एवढं स्पष्ट दिसलंच कसं, घाबरलेल्या माणसाच्या लक्षात वेळ कशी राहिली, वगैरे. चुका काढणं हाच माझा धंदा. आयुष्य कंपनीच्या क्वालिटी खात्यात गेलं. तपासता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी मुलीलाही सांगत आलो. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलोय याची थोडी लाज वाटते. पण लाजेचं मोठं कारण वेगळं आहे... ते पुढे येईलच.

चाकणच्या एमआयडीसीत आमची फोर्जिंगची कंपनी आहे. मी मूळचा करमाळ्याकडचा, राहतो मोशीला. शॉपच्या, म्हणजे जिथे काम चालतं त्या शेडच्या, एका कोपऱ्यात प्लायवूडची खोली आहे – आतून काळा रंग, दाराला दुहेरी जाड पडदे. सगळे तिला काळी खोली म्हणतात. गाडीचं पुढचं चाक ज्याच्यावर बसतं तो लोखंडी भाग, ज्याला आम्ही नकल म्हणतो, तो तिथे तपासला जातो. नकलवर चमकणारं पाणी ओतायचं, त्याला चुंबकाचा झटका द्यायचा आणि जांभळ्या दिव्याखाली फिरवून बघायचं. कुठे भेग असेल तर तिथे हिरवी रेघ उमटते. केसाएवढी. बाहेरच्या उजेडातून आत आल्या आल्या ती दिसत नाही. त्यासाठी आधी दिवा न लावता काळोखात बसून राहावं लागतं, डोळे सरावेपर्यंत. आणि ती रेघ सुटली तर ते नकल कुणाच्या तरी गाडीत जाऊन बसतं.

मला हे काम बोऱ्हाडे नानांनी शिकवलं. नाना मोशीच्याच जुन्या शेतकरी घरातले. डोळे सरावले की नाही हे ओळखायची त्यांची एक पद्धत होती. स्वतःचं चावीचं रेडियमवालं घड्याळ त्यांनी आतल्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवलं होतं. रेडियम इतकं जुनं झालं होतं की आत बसल्यावर सुरुवातीला काहीच दिसायचं नाही. मग एक हिरवट डाग दिसायचा, त्या डागाचा गोल व्हायचा, मग बाराचा ठिपका... आणि शेवटी मोठा काटा कुठला, लहान कुठला हे कळायचं. ते कळलं की डोळे तयार. एकदा कुणीतरी हौसेने नवीन घड्याळ आणून टांगलं. ते टॉर्चसारखं लखलखत होतं. नानांनी ते लगेच परत दिलं. म्हणाले, "ह्याच्यावर पेपर वाचून हुईल. डोळ्याची परीक्षा न्हाई हुयाची." जांभळा दिवा लावायच्या आधी नानांचं घड्याळ डब्याच्या झाकणाखाली झाकायचं, नाहीतर तेच चमकून त्रास द्यायचं.

त्यावरून आमच्यात एक रीत पडली. आत बसलेल्याला बाहेरच्याने विचारायचं, किती वाजले? त्याने बरोबर वेळ सांगितली तरच पहिलं नकल आत द्यायचं. नाना रिटायर झाले तेव्हा घड्याळ तिथेच ठेवून गेले. रोज चावी द्यायचं काम माझ्याकडे आलं. मागच्या वर्षी नाना वारले, तरी रीत चालू होती.

आता ती गोष्ट.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मला काटे दिसेनासे झाले. गोल दिसायचा, पण त्यात काटे नाहीत. मी स्वतःला सांगितलं, रेडियम संपत आलंय. पण माझ्याबरोबर काम करणारी वैशाली – बीडकडची, पस्तिशीची, तोंडाने फटकळ – तिला ते आरामात वाचता येत होतं. मग एके दिवशी मी आत शिरायच्या आधी शॉपमधल्या मोठ्या घड्याळावर नजर टाकली, आत अंदाजाने बसलो, आणि तिने विचारल्यावर तेवढी मिनिटं मिळवून वेळ सांगितली. ती म्हणाली, "घ्या माल." इतकं सोपं होतं ते. पुढे रोज तसंच करू लागलो.

कंपनीत वर्षातून एकदा डोळे तपासतात, पण ते उजेडात, तक्ता वाचून. त्यात मी पास व्हायचो. कुणाला सांगितलं असतं तर मला पॅकिंगला टाकलं असतं, आणि काळ्या खोलीबाहेर मी कोण होतो? नानांनी सगळ्या शॉपमधून मला निवडलं होतं. तेवढ्या मानासाठी मी महिनोन् महिने नकलवर माझा पांढरा ठिपका देत राहिलो. म्हणजे 'पाहिलं, पास.' स्कूटरवरून घरी जाताना उद्या सांगून टाकू असं ठरवायचो, पण सकाळी परत तेच.

त्या दिवशी सकाळी आल्या आल्या आम्हाला सेफ्टीच्या ट्रेनिंगला बसवलं होतं. तिथून सुटून शॉपवर आलो तर भिंतीवरचं मोठं घड्याळ नाही – मेंटेनन्सवाल्यांनी दुरुस्तीला काढलेलं. मोबाईल लॉकरमध्ये. किती वाजले याचा मला काही पत्ता नव्हता. आज काहीतरी ठोकून देऊ असं म्हणून मी आत गेलो, पडदा ओढला आणि स्टुलावर बसलो.

आणि मला घड्याळ दिसलं.

डाग नाही, गोल नाही, सरळ घड्याळ. बारा आकडे, दोन्ही काटे, अगदी सेकंदाचा बारीक काटासुद्धा. लख्ख नव्हतं, टोचत नव्हतं. नाना असताना पहिल्या वर्षी दिसायचं त्याहून स्वच्छ, एवढंच. भीती वगैरे काही नाही... मला आनंद झाला. माझे डोळे बरे झाले असंच वाटलं. उगाच एवढे दिवस झुरत होतो, असंही वाटलं.

बाहेरून वैशालीने विचारलं, "किती वाजले भाऊ?"

"अकराला दहा कमी."

ती 'घ्या माल' म्हणाली नाही. तिने विचारलं, "घड्याळ बघून सांगायलात ना?"

"मग काय पंचांग बघून?"

तेव्हा ती पडद्याला अगदी चिकटून उभी राहिली असावी, कारण तिचा आवाज खूप जवळून आला. "भाऊ, घड्याळ सकाळपासून माझ्या डब्याच्या पिशवीत आहे."

मला वाटलं ही थट्टा करतेय. कारण घड्याळ माझ्या समोर होतं. मी त्याच्याकडे बघतच बोलत होतो. मी हात पुढे केला. बोटांना प्लायवूड लागलं, मग खिळा. नुसता खिळा. पण डायल होती तिथेच होती, आणि – हे मला नीट सांगायचंय – माझा पंजा तिच्या आणि माझ्या मधे असताना ती झाकली जात नव्हती. काटे हाताच्या अलीकडेही नव्हते, पलीकडेही नव्हते. मी डोळे मिटून पाहिले. मिटल्यावर काळोख. उघडल्यावर परत घड्याळ. सेकंद काटा चालत होता.

किती वेळ तसा बसलो माहीत नाही. मग पडदा सारून बाहेर आलो. ट्यूबलाइटचा उजेड आत पडला तसं ते गेलं. भिंतीवर खिळा आणि धूळ.

वैशालीने पिशवीतून घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. ते बंद होतं. मी सकाळी थेट ट्रेनिंगला गेल्यामुळे चावी दिलीच नव्हती, आणि ते रात्रीच कधीतरी तीनच्या पुढे थांबलेलं होतं. मी सांगितलेली वेळ मात्र बरोबर होती. तिने मुद्दाम क्यूएच्या, म्हणजे क्वालिटीच्या, ऑफिसच्या काचेतून तिथलं घड्याळ पाहून ठेवलं होतं. तिला कित्येक दिवस संशय होता. मी आत जाताना मान वर करतो हे तिने टिपलं होतं. म्हणून तिने घड्याळ काढून घेतलं, मी काय सांगतो ते बघायला.

तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "आजच खोटं बोललात का रोज बोलायलात?"

मी म्हणालो, "आज सोडून रोज."

याचा अर्थ तिला कळला नाही, कळणारही नव्हता. तिच्या हिशेबाने मीही ऑफिसच्या काचेतून बघून घेतलं होतं. पण वाईट बोलली नाही. म्हणाली, मी कुणाला सांगणार नाही, तुम्ही आधी चिंचवडला जाऊन डोळे दाखवून या, तोवर आतलं मी बघते, तुम्ही बाहेरचं बघा. तिथेच सगळं मिटत होतं. दुपारच्या गाडीने त्या आठवड्याचा माल जाणार होता, पॅकिंग चालू होतं, आणि त्यातल्या निम्म्यावर माझे ठिपके होते.

मी हो म्हणणारच होतो. पण मला ती डायल आठवत होती. इतकी स्वच्छ, इतकी खात्रीची, की जांभळा दिवा लावून मी बिनधास्त कामाला लागलो असतो. जे नव्हतं ते मी छातीठोकपणे वाचून दाखवलं होतं. मग एवढे महिने 'भेग नाही' असं ज्या खात्रीने पाहिलं, ती खात्री कसली होती?

क्यूएचे साहेब माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, मला काका म्हणतात. त्यांना मी घड्याळाचं काही सांगितलं नाही, फक्त डोळ्यांचं सांगितलं – दिवाळीपासून काळोखात नीट दिसत नाही, गाडी थांबवा. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"काका, हे आज सांगताय?"

त्यांनी फोन उचलून गाडी थांबवली.

माल पुन्हा तपासायला काढला. आधीच गेलेल्या मालाबद्दल कस्टमरला कळवलं, तिकडेही तपासणी लागली असं ऐकलं, पण त्यात काय निघालं हे मला कुणी सांगितलं नाही. सांगावं असा मी राहिलो नव्हतो. आता मी स्टोअरला असतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचा काळोखात बघणारा भाग कमजोर झालाय असं सांगितलं. त्यांना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, डोळ्याकडून काही येत नसेल तर मेंदू ओळखीचं चित्र भरतो. पटलं. हात मधे आला तरी झाकलं का नाही, तेही त्यातच बसतं. मी विचारलं, पण वेळ? ते म्हणाले, अंदाज बरोबर आला असेल. असेल. बायको म्हणते नानाच होते. पण नानांना मला अडवायचं असतं तर त्यांनी मला काहीच दिसू दिलं नसतं, माझे डोळे शाबूत आहेत असं कशाला भासवलं असतं? मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकलो. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. माल पुन्हा तपासताना वैशालीने मला काळ्या खोलीत बोलावलं. एक नकल दिव्याखाली धरून म्हणाली, "हे बघा भाऊ." त्यावर माझा ठिपका होता. मी वाकून पाहिलं, फिरवून पाहिलं. सगळं स्वच्छ. तसं तिला सांगितलंही. तेव्हा तिने माझं बोट धरलं आणि लोखंडावरून हळूच ओढत नेलं, पार नकलच्या बारीक मानेपासून कडेपर्यंत. बोटाला काही लागलं नाही.

"इथून इथपर्यंत आहे," ती म्हणाली.